सत्त्याण्णव पौंडांचं सामान

लार्च क्रीक, आयडाहो
१९ ऑगस्ट १९८४

नोरीन,

नाताळ नाही, तुझा वाढदिवस नाही आणि कुणी मेलेलंही नाही. तरी तुझा धाकटा भाऊ पत्र लिहितोय म्हणजे त्याचं काहीतरी काम अडलंय, हे तू ओळखलंच असशील.

मी स्पोकेनहून लष्कराची जुनी सॅक आणली. पाठीला अ‍ॅल्युमिनियमची चौकट असते ना, ती. दुकानदारानं सगळे भाग सुटे करून गोणीत कोंबून दिले आणि वर म्हणाला, "शेंबडं पोरसुद्धा जोडेल." आपल्या घरात शेंबडं पोर नाही, म्हणून मीच बसलो. तीन दिवस गेले. जोडून झाली तेव्हा दोन पट्टे, एक बकल आणि एक उशीसारखी वस्तू उरली होती. तशीच पाठीवर चढवली, तर चौकटीची दांडी माकडहाडात अशी घुसली की आईसमोरच तोंडातून शिवी गेली. आईनं ती शिवी दुरुस्त करून दिली. म्हणाली, द्यायची तर नीट दे.

तू तेवीस वर्षं लष्कराच्या कोठारात बसून हेच करतेस. नव्या पोरांना सॅका वाटतेस, त्यांच्या पाठीवर चढवून देतेस. तेव्हा मलाही सांग कशी जोडायची ते.

घाई आहे. केटल डोंगरावरचा वणव्यावर लक्ष ठेवायचा मनोरा जंगलखातं वीस सप्टेंबरला जाळून टाकणार आहे. आता म्हणे विमानातून लक्ष ठेवतात, मनोऱ्याचं काम संपलं. महायुद्धाच्या वर्षांत आईनं तिथं दोन उन्हाळे नोकरी केली होती. जळायच्या आत मला थोडं सामान वर न्यायचंय. गाडी पाचरा नावाच्या पुलापर्यंतच जाते, पुढे चार मैल चढ आणि मधे एक ओढा. सामान पोचलं नाही तर आई मला उरलेलं आयुष्य सुखानं जगू देणार नाही, आणि तिचा स्वतःचा विचार अजून पुष्कळ जगायचा दिसतोय.

आई ठीक आहे. खुबा गेलाय, जीभ शाबूत आहे. तुझं नाव घेत नाही.

मर्ल

ता.क. फोन करू नकोस. आई फोनवाल्यांशी भांडली आणि तिनं भिंतीतून तारच उपटली.


कोलंबस, जॉर्जिया
२५ ऑगस्ट

मर्ल्या, गाढवा,

जी "उशीसारखी वस्तू उरली" म्हणतोस ना, तीच सगळ्यात महत्त्वाची. सॅकमधून ती काढलीस तर राहते फक्त शिक्षा. ती कमरेच्या वर येते. चौकटीच्या खालच्या भागावर मागून तिचे पट्टे आवळ. हातानं नाही, गुडघा लावून आवळ. टिचकी मारली तर ढोलासारखी वाजली पाहिजे. मग चौकट पाठीपासून दोन बोटं लांब राहते आणि तुझं माकडहाड वाचतं. शिव्याही वाचतात.

सॅकच्या पाठीला वरच्या बाजूला खाली तोंड केलेला एक खिसा असतो. चौकटीचं डोकं त्यात घाल, माणसाला टोपी घालतात तसं. मग खालचे दोन पट्टे चौकटीभोवती फिरवून बकलात अडकव. उरलेलं ते एक बकल त्यातलंच. चौकट उलटी धरली असशीलच, आधी ती सुलट कर.

आता खांद्याचे पट्टे. नीट वाच, दोन्ही सारखे नसतात. एकावर कापडी जीभ असते. ती ओढली की पट्टा एका झटक्यात सुटतो आणि सॅक पाठीवरून जमिनीवर येते. तो पट्टा डाव्या खांद्यावर, डाव्याच. नवीन पोरं हमखास उजवीकडे लावतात आणि मी त्यांना शंभर बैठका काढायला लावते. तू मनातल्या मनात काढ.

सामान काय आहे ते लिहिलं नाहीस. वजन किती? कडक की मऊ? बांधलेलं राहतं की आत हलतं? त्यावर सगळं ठरतं.

आईला सांग की मी... नको, काही सांगू नकोस. बाबांना पुरलं त्या दिवशी मी गणवेशात आले म्हणून ती दारात म्हणाली, "हा सोंगाचा पोशाख उतरव, नाहीतर बाहेर थांब." मी बाहेर थांबले. दोन तास पोर्चवर उभी होते, वारा असा की दात वाजत होते. तू आतून हॅमचं सँडविच आणून दिलंस, मोहरीचा सॉस लावायला विसरलास. त्या सँडविचपायी हे पत्र लिहितेय, नाहीतर अकरा वर्षांपूर्वी त्याच दिवशी त्या घराच्या पत्त्यावर एक शब्द लिहायचा नाही असं ठरवलं होतं.

नोरीन


लार्च क्रीक
१ सप्टेंबर

नोरीन,

ढोल वाजला! तू म्हटलंस तसा गुडघा लावला, उशी ताणून बसली आणि पाठ सुखावली. चौकट उलटी होती. कुणाला सांगू नकोस.

सामानाचं विचारलंस. आईची जुनी लोखंडी शेगडी आहे, मनोऱ्यातलीच. तिला ती परत तिच्या जागेवर ठेवायचीय. म्हातारं माणूस, डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. वजन सत्त्याण्णव पौंड. कोंबड्यांच्या खाद्याच्या काट्यावर तोललं. आधी अठ्ठ्याण्णव होतं, पण मग बूट काढ

तो शब्द खोडलाय, वाचू नकोस.

पिशवी काढून ठेवली आणि नुसती चौकट घेतली. दुकानदाराकडून चौकटीच्या खाली अडकवायची ती दुमडती फळीही आणली. सामान त्या फळीवर बसतं. म्हणजे ठेवलेलं असतं. गोठ्याभोवती रोज दहा फेऱ्या मारतो. सहाव्या फेरीनंतर सामान उजवीकडे कलतं. त्याला डुलकी... त्याचा तोल जातो. मग माझा उजवा खांदा बधिर होतो. उपाय सांग. ओढा कसा ओलांडायचा तेही लिही, पाणी गुडघ्याच्या वर आहे. फोटो पाठवतोय. शेजारच्या पोस्टवाल्या अर्माबाईनं काढला, त्यामुळे माझं डोकं कापलंय.

खेचर का नेत नाहीस असं विचारशील. आई म्हणते खेचराचा संबंध नको. चव्वेचाळीस साली एकानं तिला पाडलं होतं. ते खेचर मरून तीस वर्षं झाली असतील, पण ती त्या जातीशीच बोलत नाही. आपल्या घरात राग किती टिकतो हे तुला काय सांगायचं.

मर्ल


कोलंबस, जॉर्जिया
६ सप्टेंबर

मर्ल,

फोटो मी कोठारातल्या भिंतीवर लावलाय. वर लिहिलंय, "असं करू नये." पोरं खूश आहेत.

जीभवाला पट्टा उजव्या खांद्यावर आहे. मी पत्रात "डाव्याच" असं दोनदा लिहिलं होतं. बदल. फळी फार खाली लावलीस, वजन तुझ्या ढुंगणावर लटकत असणार. फळी वर घे. वजन खांद्यांच्या पात्यांजवळ आलं पाहिजे, पाठीला चिकटून. मग चालताना तू थोडा पुढे वाकशील आणि ते तुला मागे खेचणार नाही. उजवीकडे कलतं तर उजवा पट्टा एक बोट आखूड कर, आणि सामानाच्या छातीभोवती म्हणजे मधोमध आडवा पट्टा टाक. सुटी टोकं गुंडाळून चिकटपट्टीनं बांध. लोंबणारा पट्टा झुडपात अडकला की माणूस तोंडावर पडतो.

आता ओढा. हे पाठ कर, मी हे हजारो पोरांकडून घोकून घेतलंय. पाण्यात पाऊल टाकायच्या आधी कंबरपट्टा उघडायचा. डावा हात त्या कापडी जिभेवर ठेवायचा. पाय घसरला की विचार करायचा नाही, जीभ ओढायची. सामान गेलं तर जाऊ दे. सामान दुसरं मिळतं. पट्ट्यात अडकलेलं वजन माणसाला पालथं दाबून धरतं आणि गुडघाभर पाण्यातही माणूस मरतो. मी असा एक पोरगा पाहिलाय. थट्टा नाही.

बरं, आता थापा पुरे. फोटोत फळी रिकामी आहे, पण तिच्यावर गोधडीची घडी दिसते; लोखंडी शेगडीला ती कशाला लागते? फळीखाली दोरीचे दोन फास लोंबताहेत, ते पाय ठेवायला असतात हे मला कळत नाही होय? शेगडीला डुलक्या येतात? तू काहीतरी जिवंत घेऊन चाललायस. सत्त्याण्णव पौंड, चिडकं, मधेच झोपणारं. मर्ल्या, तू अस्वलाचं पिल्लू पाळलंयस आणि ते आता जंगलखात्यापासून लपवायला वर नेतोयस. खरं सांग. आईला माहीत आहे का?

नोरीन


लार्च क्रीक
१२ सप्टेंबर

नोरीन,

अस्वल नाही. आई आहे.

ओरडू नकोस. कोठारात ओरडलीस तर पोरं घाबरतील.

मनोरा जाळणार हे तिला जुलैत कळलं. तेव्हापासून एकच धोशा: मला एकदा वर जायचंय. खुब्यानं ती काठी टेकूनसुद्धा अंगणातल्या नळापर्यंत धड जात नाही. खेचराचं तर तुला सांगितलंच. मी म्हटलं, शक्य नाही. तर तीन दिवस जेवली नाही. पॅनकेकसुद्धा नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या बहिणीच्या त्या लष्करात माणसं पाठीवरून सामान नेतात ना? मग मी सामान." मी सॅक आणली ती तिच्याच पैशांनी. पत्र लिहायलाही तिनंच सांगितलं. वर म्हणाली, माझं नाव काढलंस तर याद राख.

ती फळीवर पाठमोरी बसते, माझ्या पाठीला पाठ लावून. मी पुढचं बघतो, ती मागचं. दोघं मिळून सगळं दिसतं. तुझी पत्रं तीच मला मोठ्यानं वाचून दाखवते, मी पट्टे आवळत असतो तेव्हा. चष्मा लावते आणि "डाव्याच" हा शब्द इतक्या जोरात म्हणते की कोंबड्या उडतात. पोर्चवरच्या दोन तासांचा भाग आला तेव्हा मधेच थांबली. मग चष्मा पुसला, म्हणाली अक्षर फार बारीक आहे, आणि पुढचं सोडून सरळ सहीवर गेली.

फळी वर घेतली. जीभ डावीकडे आली. उजवा पट्टा एक बोट आखूड केला. काल मी तिला घेऊन कुरणाच्या टेकाडावर चढून उतरलो. ती मागून शिट्टी वाजवत होती.

अठराला निघतो. एकोणीसला मनोऱ्यात, वीसला ते जाळायला येतात. मला भीती वाटतेय, नोरीन. तिला कळू देत नाही. पडलो तर ती माझ्या पाठीला बांधलेली आहे, आणि तिची हाडं वाळक्या काटक्या झालीत. पण ती वर गेली नाही तर या हिवाळ्यात अंथरूण धरेल, हेही मला दिसतंय.

मर्ल


तार
कोलंबस, जॉर्जिया, १७ सप्टेंबर

मर्ल, जाऊ नकोस. जाणारच असशील तर डावी जीभ शिवून टाक. दाभणानं शिव, दुहेरी दोरा. कंबरपट्टा उघडू नकोस, पाण्यात तर मुळीच नको. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं विसर. ती सामान नाही. नोरीन.


लार्च क्रीक
२२ सप्टेंबर

नोरीन,

दोघंही जिवंत आहोत. हे आधी लिहितोय, नाहीतर तू पुढचं वाचायच्या आत इकडे रणगाडा घेऊन येशील.

तुझी तार काल हातात पडली. सतराला आली होती, पण अर्माबाई त्या दिवशी मासे पकडायला गेली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

पहिले दोन मैल मजेत गेले. आई मागून सांगत होती, इथं मला अस्वल भेटलं, इथं लढाईवरून रजेवर आलेला तुझा बाप भेटला, अस्वल बरं होतं. दर अर्ध्या तासाला मी तिला एखाद्या खडकावर टेकवायचो, कॉफी प्यायचो आणि पट्टे पुन्हा आवळायचो. ढोल ढिला पडतो गं, घामानं. ते तू लिहिलं नव्हतंस.

मग ओढा आला. वर पाऊस झाला असणार, पाणी मांडीला लागत होतं. मी तसाच उतरायला लागलो तर मागून आवाज आला, "थांब. कंबरपट्टा उघड."

मी म्हटलं, "आई, ते सामानासाठी आहे."

"मग मी कोण? नवरी? तिनं लिहिलंय पाण्याच्या आधी उघडायचा. उघड म्हणते ना!"

"अगं, पण पडलो तर तुला सोडून देऊ?"

"तिनं तेच लिहिलंय. विचार करायचा नाही म्हणालीये. तसंही तुला विचार कुठे जमतो? डावा हात जिभेवर ठेव."

उघडला. ठेवला. आणि नोरीन, बरोबर मधोमध दगड फिरला. मी पालथा गेलो. तोंड पाण्याखाली, पाठीवर आई, हाताखाली नुसती वाळू. खोटं नाही सांगत, मी विचार केला. एक क्षणभर वाटलं, ओढायची नाही, काही झालं तरी ओढायची नाही. तेवढ्यात आईची काठी डोक्यात बसली. खाडकन! हात आपोआप ओढला गेला.

पट्टा सुटला, चौकट उजवीकडे फिरली, उजव्या खांद्यातून निसटली आणि आई फळीसकट पाण्यात बसली. पडली नाही, बसली. सरळ, ताठ, चर्चमधल्या बाकावर बसते तशी, कमरेपर्यंत पाण्यात. आणि तिनंच माझी मानगूट धरून मला वर ओढलं. मी खोकतोय, रडतोय, आणि ती म्हणतेय, "डोळे पूस, शेगडी भिजली."

ती काठी मागे कशी पोचली विचारू नकोस. सत्त्याण्णव पौंडांत तिचा हात किती पौंडांचा आहे, ते डोक्याला अजून कळतंय.

पुढचे दोन मैल थरथरत गेलो, पण गेलो. मनोऱ्याच्या पायऱ्या एकोणपन्नास. तिथे ती उतरली आणि बसून, मागे सरकत सरकत, एकेक पायरी स्वतः चढली. मला हात लावू दिला नाही. वरच्या खोलीतल्या जमिनीची फळी उचकटून तिनं टिनाच्या डब्यातून व्हिस्कीची बाटली काढली. चाळीस वर्षांची, अर्धी भरलेली. म्हणाली, चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात पुढच्या वर्षासाठी ठेवली होती, पुढच्या वर्षी लढाई संपली आणि तिला कुणी बोलावलंच नाही.

वीसला जंगलखात्याची चार माणसं आली. आईनं त्यांना खिडक्यांच्या काचा आधी काढायला लावल्या, चांगल्या काचा कशाला जाळता म्हणून. मग त्यांच्या साहेबानं टोपी काढली आणि काडीपेटी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "दोन उन्हाळे मी इथं बसून धूर शोधला. एकदाही दिसला नाही. आण इकडे." काडी तिनंच लावली.

सोबत तिचं पत्र आहे. मी उघडून वाचलेलं नाही. म्हणजे वाचलंय, पण वाचलं नाही असं समज.

मर्ल


२२ सप्टेंबर

नोरीन,

मर्ल म्हणतो सुरुवातीला "प्रिय" लिहायचं असतं. ते मर्लनं लिहावं.

तुझी तार वाचली. आयुष्यात पहिल्यांदा तू मूर्खपणाचं काही लिहिलंस. जीभ शिवली असती तर तुझा भाऊ मांडीभर पाण्यात मेला असता, आणि त्याच्या पाठीवर बांधलेली मी आभाळाकडे बघत बसले असते. तुझी पत्रं बरोबर होती. पत्रं तू डोक्यानं लिहिलीस, तार घाबरून लिहिलीस. घाबरलीस ते कळलं. ते मी ठेवून घेतलंय.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. चव्वेचाळीस साली तू दोन वर्षांची होतीस. तुला सांभाळायला कुणी नव्हतं आणि मला नोकरी हवी होती. त्या खेचरानं मला पाडलं तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस. तेव्हा मी त्याला हाकलून दिलं आणि तुला लाकडी फळीवर दोरानं बांधून, पाठीवर घेऊन चार मैल चढले. मला कुणी पत्रातून पट्टे शिकवले नव्हते. दोर खांद्यात रुतला, त्याचा वळ अजून आहे. ओढ्यात तुझ्या तारेत होतं तसंच मी कंबरेचा दोर सोडला नाही, घाबरून अजून एक गाठ मारली. पाय घसरला नाही, हे माझं नशीब. मला वाटायचं घट्ट बांधणं म्हणजे सांभाळणं. तुला पण मी तसंच बांधायला गेले आणि तू एकोणिसाव्या वर्षी जीभ ओढून सुटलीस. मग मी अकरा वर्षं, छे, तेवीस वर्षं लोकांना सांगत फिरले की माझी पोर परक्यांचे मोजे मोजायला गेली.

तुझी पद्धत बरी आहे. हे एकदाच लिहितेय, पुन्हा विचारू नकोस.

आता कामाचं. उजवा पट्टा एक बोट आखूड करायला तू सांगितलंस, ते चूक आहे. मी उजवीकडे कलत नाही, मर्लचा डावा खांदा वर आहे, लहानपणापासून. फोटोत डोकंच नाही तर तुला कळणार कसं? इथे येऊन बघायला पाहिजे. पुढच्या महिन्यात मला हकलबेरीच्या झुडपांच्या पठारावर जायचंय आणि हा गाढव तोवर पुन्हा सगळं उलटं जोडेल.

तो पोशाख घालून आलीस तरी चालेल. पोर्चवर जिथं तू उभी होतीस तिथली फळी कुजून खाली गेली, मी मर्लला बदलू दिली नाही. आता तिथे उभं राहायला जागाच नाही. तुला आतच यावं लागेल.

आई